पुसाचा न्हाय

आमच्या विभागात एक रीत होती. चर्चासत्रात जो बोलायला उभा राहील त्याच्या हातात खडू. बाकीच्यांनी मध्येच तोंड घालावं, हसावं, टेबलं बडवावीत, सगळं माफ. बोलणाऱ्याने मात्र बसायचं नाही. पण कुणी उठून पुढे आला आणि त्याने फळ्यावरची नेमकी चुकीची ओळ दाखवली, की खडू त्याच्या हातात द्यायचा आणि मुकाट जागेवर जाऊन बसायचं. खडू गेला की तुमचं म्हणणं गेलं. भल्याभल्यांचे खडू गेलेले मी पाहिलेत.

माझा गेला एकसष्ट सालच्या मार्चमध्ये. ज्यांनी घेतला त्या डॉक्टर दत्तात्रेय गुप्त्यांचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या डोक्यात तिडीक जायची. इंग्लंडहून नुकतेच परतलेले, पँटची इस्त्री कधी मोडायची नाही, आणि चूक दाखवताना इतके सौम्य बोलायचे की त्यापेक्षा माणसाने कानाखाली मारलेली बरी. "मिस तांडेल, इथे काहीतरी राहून गेलं का?" असं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि माझी तीन वर्षं काढून घेतली.

मी केसर हिरामण तांडेल. मुंबईच्या विद्यापीठात पदार्थविज्ञान, त्यातही नुसतं कागदावरचं. यंत्र नाही, तार नाही, बॅटरी नाही. दोन कण एकमेकांजवळून जाताना किती वळतात याचा हिशेब मी मांडत होते. हा हिशेब करत गेलं की वाटेत दोन राशी अशा येतात की त्या अनंत होतात. मग सगळंच मुसळ केरात. माझं म्हणणं असं होतं, की त्या दोन राशी एकमेकींना खाऊन टाकतात आणि मागे साधं, सरळ, मोजता येण्यासारखं उत्तर उरतं. गुप्त्यांनी दाखवलं, की शेवटच्या ओळीत एक तुकडा उरतोच, आणि तो तुकडासुद्धा अनंतच. त्यांचं खरं होतं. फळ्यावर मलाही तो तुकडा दिसत होता. पण माझं मन म्हणायचं, नाही, हे उत्तर बरोबर आहे, तुकडा कुठूनतरी चोरून आलाय. मनाला फळ्यावर कोण विचारतो!

विभागप्रमुख दिनानाथ प्रधान, आमचे सर, यांनी मला बोलावून घेतलं. "नारळी पौर्णिमेला आपण सगळे नागावला जमतोय, माझ्या मेव्हण्याच्या वाडीत. तिथे तू पुन्हा उभी राहा. पण केसर, या खेपेला खडू गेला तर हा विषय बंद. तुझं विद्यावेतनही संपत आलंय. नवा विषय घेऊन नव्याने मागावं लागेल, आणि मिळेलच असं मी सांगू शकत नाही."

"सर, नाही जाणार खडू."

"हे तू मार्चमध्येही म्हणाली होतीस," सर म्हणाले. माणूस प्रेमळ, पण जिभेला हाड नाही.

नागाव म्हणजे माझ्या घरच्या अंगणातच की! आमचा कोळीवाडा तिथून किनाऱ्याने चालत जाण्याइतका जवळ. मी दोन दिवस आधीच घरी गेले. पावसाळ्यात मुंबईच्या बोटी बंद, त्यामुळे बाकीची मंडळी पनवेल-पेणकडून एस.टी.ने हाडं खिळखिळी करून घेत आली. अठरा माणसं. सगळे विद्वान. पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी वाडीत सामान सोडलं आणि तेव्हा कळलं की फळा आलाच नाही.

अहो, खडूचे तीन डबे आले होते! रंगीतसुद्धा. गुंडाळायचा मोठा फळा मात्र मुंबईला विभागाच्या दाराशी उभाच राहिला. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने उचलला. माझा मित्र सदा, तोही माझ्यासारखाच संशोधन करणारा, तो तर म्हणाला, "मी त्याला अडखळून पडलो पण. मला वाटलं कुणीतरी मुद्दाम तिथे ठेवलाय, न्यायला सोपं जावं म्हणून." यांना विश्वाचं कोडं सोडवायचंय! शाळेचा फळा मागावा तर सणाची सुट्टी, किल्ली हेडमास्तरांकडे, हेडमास्तर पेणला.

सगळे हातावर हात ठेवून बसले. आणि मला आमची होरी दिसली. म्हणजे डोळ्यांसमोर नव्हती, मनात दिसली. होरी म्हणजे आमची मासेमारीची होडी, 'सगुणा' नाव तिचं, माझ्या आजीचं. पावसाळाभर वाळूवर टेकू लावून उभी होती. बाबांनी तिला खालच्या अंगाला नवं डांबर फासलं होतं, ते सुकून काळं कुळकुळीत आणि खरखरीत झालं होतं. विद्यापीठातल्या फळ्यापेक्षा लांब, आणि फुकट.

बाबा अंगणात जाळं शिवत बसले होते. मी विचारलं, "बाबा, उद्या सकालपारी होरीवर खडूने लिहिलं तर चालंल?"

"काय लिवनार?"

"माझं गणित."

बाबांनी सुई थांबवली. "तुजी आय उद्या उजाडताच पूजा करनार. पूजा झाली का होरीला कोनी फडका लावाचा न्हाय, हात फिरवाचा न्हाय. आपले घरची रीत हाय, तुला ठावं हाय. जे लागलंय ते दर्यानंच धुवाचा." मग सुई पुन्हा जाळ्यात घालून म्हणाले, "लिव. मनापासून लिव. पन पुसाचा न्हाय. आनि दुपारचे भरतीला होरी पान्यान जानार म्हंजे जानार. तुजा गणित झाला का न्हाय झाला, मी थांबाचा न्हाय."

"व्हय बाबा."

मी वाडीत जाऊन ही अट सांगितली तेव्हा केवढा हशा झाला! सर म्हणाले, "न पुसता गणित? मग मी तर उभाच राहू शकणार नाही." गुप्ते गालात हसले. मला हसू येत नव्हतं. या खेपेला खडू गेला तर विषयच बंद होता.

सकाळी ऊन पडलं होतं. श्रावणातलं ऊन, भरवशाचं नाही, पण ऊन. आईने, मनुबाई तिचं नाव, होरीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि माझ्याकडे वळून तिच्या लिलावातल्या आवाजात म्हणाली, "बोल नीट! घशान बोलू नुको, पोटातून बोल. त्यांना ऐकाला आला पायजे." आई रोज बाजारात वीस बायकांच्या वरताण ओरडून माशांची पाटी विकायची. मला एवढी एकच शिकवण पुरे होती.

अठरा जण वाळूवर बसले. कुणी पंचा टाकून, कुणी नारळाच्या झावळीवर. कोळीवाड्यातली मंडळीही जमली, सणाच्या नव्या लुगड्यांत, टोप्यांत. बाबा आणि त्यांचे खलाशी वर होरीत चढून दोर, वल्ही लावत होते. मी खडू घेतला आणि नाळेपासून लिहायला सुरुवात केली.

काय मजा आली सुरुवातीला! डांबरावर पांढरा खडू असा उठत होता की बस्स. लांबच लांब ओळ, कुठे तोडायला नको. फळ्यावर थोडं लिहिलं की खालच्या ओळीत उतरावं लागतं, इथे मी चालतच होते. सदा ओरडला, "मोठ्याने!" मी पोटातून आवाज काढला. दोन कोंबड्या पळाल्या.

चौथी पायरी आली. इथे एक लहानसं पद येतं. लहान म्हणजे अगदी नगण्य, शून्याकडे सरकत जाणारं. मुंबईत आम्ही सगळेच इथे काय करायचो? "हे लहान आहे," म्हणायचं आणि तळव्याने पुसायचं. मी पुसायची, सर पुसायचे, गुप्तेही पुसायचे. तो तळवा आपोआप वर जातो, नाकावरची माशी हाकलावी तसा. माझा हात वर गेला.

"ए! हात!"

बाबांचा आवाज. वरून. मी गोठलेच. अख्खं चर्चासत्र वर बघायला लागलं.

"पुसाचा न्हाय बोललू ना?"

"चुकले बाबा," मी म्हणाले आणि माझे कान तापले. एवढ्या विद्वानांसमोर बापाची ओरड खायची म्हणजे काय!

गुप्त्यांना घाई होती. "मिस तांडेल, ते पद सोडून पुढे चला. त्याला कोण विचारतंय?"

आता ऐका. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सोडलंही असतं. पण गुप्ते म्हणाले ना! माझ्या रागाला निमित्तच लागतं. "का सोडू?" मी म्हणाले. "लिहिलंय ना होरीवर? आता ते माझ्या हिशेबात आहे. पुसता येत नाही, तर घेऊनच जाईन."

"उगाच ओझं," गुप्ते म्हणाले.

"माझं ओझं, माझी होरी!"

कोळणी खदखदून हसल्या. त्यांना गणित कळत नव्हतं, भांडण कळत होतं.

मग मी ते पद प्रत्येक ओळीत घेऊन चालले. काय सांगू, नाकी नऊ आले. जिथे दोन अक्षरांत भागायचं तिथे हातभर लिहावं लागत होतं. ते एकटं राहीना, त्याला पिल्लं व्हायला लागली. ओळ लांबत लांबत होरीच्या मागच्या टोकापर्यंत गेली आणि जागा संपली. मी वळून पलीकडच्या बाजूला गेले. ती बाजू दर्याकडची. सगळे बसले होते गावाकडे.

"दिसत नाही!" मागून कुणी ओरडलं.

"तर मग या की इकडे!"

आणि अठरा पदार्थवैज्ञानिक पंचे, चपला, झावळ्या उचलून होरीला वळसा घालत धावले. सर धापा टाकत होते. गाव त्यांच्यामागे. वरून खलाशी वाकून बघत होते. एवढी गंमत गावात तमाशालाही झाली नसती. माझी भीती कुठल्या कुठे पळाली. मला इतका जोर चढला होता की हातातला खडू कटकट मोडत होता आणि सदा मला नवे तुकडे देत होता.

पहिली अनंत राशी आली. लिहिली. पुढे दुसरी आली, उलट चिन्हाची. दोघींची मारामारी झाली, आणि मार्चसारखाच तो मेला तुकडा उरला. पांढरा, ठसठशीत. अनंत.

गुप्ते उठले. पँटची वाळू झटकली. पुढे आले आणि त्या तुकड्यावर बोट ठेवून तसेच सौम्यपणे म्हणाले, "मिस तांडेल, आपण पुन्हा तिथेच आलो." आणि हात पुढे केला.

सरांनी मान खाली घातली. सदा दुसरीकडे बघायला लागला. मला आईचा चेहरा दिसला. तिला काही समजलं नव्हतं, पण पुढे केलेला हात तिला बरोबर समजला होता. माझा खडू मुठीत होता आणि मूठ वर जायला लागली होती.

तेवढ्यात माझ्या पायाला गार लागलं. पाणी.

"भरती आली!" बाबा वरून गरजले. "टेकू काढा! चला, हात लावा रे!"

खलाशी धडाधड खाली उतरले. गावची पोरं ओंडके घेऊन आली. टेकू निघाले आणि माझा फळा, माझी तीन वर्षं, एका बाजूला कलली. मी वर बघून ओरडले, "बाबा, थोडं!"

"भरती काय माजे घरची हाय?"

मी पुन्हा होरीकडे पाहिलं. होरी हलल्यामुळे उन्हाची तिरीप त्या बाजूवर पडली, आणि ओळीच्या शेवटी, मी ओढत आणलेलं ते लहान पद आणि त्याची पिल्लं मला दिसली. त्यांचा हिशेब अजून झालाच नव्हता! मी अनंतांच्या मारामारीत त्यांना विसरले होते, आणि गुप्त्यांनी तर धरलंच नव्हतं. पण इथे, या ओळीत, त्यांना खालून भागलं जात होतं. कशाने? त्याहून लहानाने. लहानाला त्याहून लहानाने भागा, काय होतं? अहो, ते मोठं होतं! होत होत अनंत होतं!

"डॉक्टर, खडू नाही मिळणार!" मी किंचाळले. "अजून एक पद आहे!"

"कुठलं?"

"तुम्ही सोडा म्हणालात ते!"

"हैशा!" खलाशांनी जोर लावला. होरी वाळूवरून सरकली, आणि गुप्त्यांचं बोट ज्या तुकड्यावर होतं तो तुकडा बोटाखालून निघून चालला.

मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. सर पहिले उठले. धोतर खोचलं आणि होरीला खांदा लावला. "ढकला रे!" त्यांच्यामागे सदा, त्याच्यामागे सगळे. प्रकाशाचा वेग तोंडपाठ असलेली माणसं ओंडक्यावरून घसरून पडत होती, उठत होती, पुन्हा ढकलत होती. मी होरीसोबत चालत, चालता चालता लिहीत होते. पाणी घोट्याला, मग गुडघ्याला. गुप्ते माझ्या शेजारी, खांदा होरीला, मान वाकडी करून वाचत.

"चिन्ह! चिन्ह तपासा!" ते ओरडले. आता ते सौम्य वगैरे काही राहिले नव्हते.

"उणे!"

"कसं उणे?"

"वळसा घातला तिथे बदललं! आधी बघा, मग बोला!"

"हैशा!"

ते खरंच मागे गेले. कमरेइतक्या पाण्यातून, इस्त्रीच्या पँटसकट, होरीच्या टोकापर्यंत जाऊन त्यांनी ते चिन्ह पाहिलं आणि लाटेची थप्पड खाऊन परत आले. चष्म्यावरून पाणी गळत होतं. "उणे आहे," ते म्हणाले. "देवा रे, उणेच आहे."

मी शेवटची ओळ लिहिली. तो उरलेला तुकडा, आणि त्याच्याशेजारी लहान पदापासून झालेली राशी. हुबेहूब तोच तुकडा. उणे.

गुप्ते दोन्हींकडे बघत राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. "खडू द्या. दोन्ही खोडतो."

"नाही देणार."

"अहो, मी तुमच्याच बाजूने..."

"ते काही नाही. खडू देणार नाही. तोंडाने सांगा! सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा!"

आणि तो इंग्लंडहून आलेला माणूस छातीइतक्या पाण्यात उभा राहून, आमच्या आईला लाज वाटावी असा ओरडला, "गेले! दोन्ही गेले! काही उरत नाही! मिस तांडेल बरोबर आहेत!"

होरी तरंगली. एक लाट आली आणि शेवटची ओळ घेऊन गेली. दुसरी आली आणि मधलं सगळं घेऊन गेली. किनाऱ्यावर आई नाचत होती. सर पाण्यात बसलेच होते, बसल्याबसल्या टाळ्या वाजवत होते. बाबा वरून ओरडले, "झाला का गो तुजा?"

"झाला, बाबा!"

"मंग ठीक हाय!" म्हणाले आणि शीड उभारायला गेले. एवढंच. पण पाठमोरे असताना खांदे हलत होते त्यांचे, हसत होते की रडत होते कोण जाणे. मी मात्र सरळ रडले. मी मूठ उघडली. खडूचा नुसता पांढरा चिखल झाला होता. पण कुणाला दिला नव्हता.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "कुणी उतरवून घेतलं का?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. अठरा जणांपैकी एकानेही नाही! प्रत्येकाला वाटलं दुसरा लिहून घेतोय. "जाऊ द्या," मी म्हणाले. "मला पाठ आहे. उद्या पुन्हा मांडते."

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर पेणहून परतले आणि शाळेचा फळा मिळाला. लहान, एका कोपऱ्यात तडा गेलेला. मी शांतपणे मांडत गेले. चौथ्या पायरीला जागा संपत आली. आमचे सर, काल पाण्यात बसून सर्दी झालेले, मला मदत करायला म्हणून उठले. त्या लहान पदाकडे बघून त्यांचा तळवा सवयीने वर गेला.

"ए! हात!"

सगळे एका दमात ओरडले, बाबांच्याच सुरात, आणि सगळ्यात मोठा आवाज गुप्त्यांचा होता. सरांनी हात खाली घेतला, आणि मी ते पद घेऊन पुढच्या ओळीकडे वळले.